हातचा राखून चालवतो तो रायडर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी १२५ सीसीची, रोजचं जाऊन-येऊन ४० किलोमीटर, एकही लांबची टूर नाही, आणि कुणीतरी तोंडावर सांगितलं की तू नुसता गाडी वापरणारा आहेस, रायडर नाहीस. मग खरा रायडर कोण, आणि तसं व्हायचं तर काय करावं?

सीसीचा मुद्दा आधी निकालात काढतो. १९५८ साली ५० सीसीच्या इंजिनाने सुरुवात केलेल्या होंडा सुपर कब या छोट्या दुचाकीचं उत्पादन २०१७ पर्यंत दहा कोटींवर गेलं. ती चालवणाऱ्या माणसांनी पाऊस, अंधार, ओझं आणि खराब रस्ते जितके पाहिलेत तितके अनेक मोठ्या गाड्यांनी पाहिलेले नाहीत. किलोमीटरचंही तेच. एकच चूक पन्नास हजार किलोमीटर करत राहिलं तर ती सुधारत नाही, अंगात मुरते.

माझी कसोटी एकच आहे: हा माणूस हातचा राखून चालवतो का? ब्रेकमध्ये, वळणात, टायरमध्ये, स्वतःच्या अंगातल्या ताकदीत काही शिल्लक ठेवून पुढे जातो का? हे गाडीच्या किमतीवरून कळत नाही. त्याच्यामागे दहा मिनिटं गाडी चालवली की कळतं.

ब्रेकपासून सुरू करतो, कारण सगळ्यात मोठी तूट तिथेच असते. अमेरिकेतले अपघात-संशोधक हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट आजही तंतोतंत लागू पडते: धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाला साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो, आणि त्या वेळात बहुतेक जण मागचा ब्रेक दाबून चाक घसरवतात, पुढचा मात्र पुरेसा वापरतच नाहीत. थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात आहे. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, पुढचा टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचा त्याच वेळी हलका होतो.

मग पुढचा ब्रेक मारल्यावर लोक का पडतात? कारण ते लिव्हर झटक्यात ओढतात. वजन पुढे यायच्या आधीच पूर्ण जोर लागतो, टायर अजून हलकाच असतो, चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरतं. लिव्हर दोन टप्प्यांत पिळायची असते. आधी हलकी, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) खाली बसेपर्यंत. मग लगेच, न सोडता, जोर वाढवत न्यायचा. हा सगळा खेळ पाव ते अर्ध्या सेकंदाचा आहे, म्हणून तो डोक्यात असून भागत नाही, बोटांत असावा लागतो.

सराव असा करा. कोरडी, खडी नसलेली, रिकामी जागा. वेग ३० किमी. गाडी सरळ उभी, हँडल सरळ, नजर समोर लांब. पुढच्या चाकाकडे पाहिलंत तर गाडी डगमगेल. दोन्ही ब्रेक एकदम, क्लच अगदी शेवटी. थांबल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये असायला हवी, कारण मागून कुणी येत असेल तर निसटावं लागतं. असे दहा थांबे. मग ४०, मग ५०. पुढचं चाक लॉक झालं तर लिव्हर क्षणात सोडून पुन्हा पिळायची. मागचं लॉक झालं आणि गाडी सरळ रेषेत असेल तर सोडू शकता. पण मागची बाजू तिरकी सरकली असेल तर थांबेपर्यंत दाबूनच ठेवा. मध्येच सोडलंत की टायरला अचानक पकड मिळते, गाडी उसळून सरळ होते आणि चालकाला वरून फेकते. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर लिव्हर हातात थरथरली तरी ढिली करायची नाही. ते यंत्र त्याचं काम करतंय.

आता हिशोब. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. हात हलेपर्यंत एक सेकंद धरा, आणि कोरड्या चांगल्या डांबरावर नीट लावलेला ब्रेक धरा: १७ अधिक २०, म्हणजे साधारण ३७ मीटर. ताशी १०० ला तेच २८ अधिक ५५, म्हणजे ८३ मीटर. पण खरी भीतीदायक गोष्ट बेरजेत दिसत नाही. ६० वाला जिथे पूर्ण थांबला, त्या जागी १०० वाला अजून ९० च्या वेगात असतो. त्याचा पहिला सेकंद २८ मीटर खाऊन गेला, ब्रेक आत्ता कुठे लागतोय. म्हणून गर्दीत लिव्हरवर दोन बोटं ठेवून चालवणारा माणूस पाहिला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. त्याने त्या सेकंदातला काही भाग आधीच वाचवलेला असतो.

वळणांत दोन गोष्टी पक्क्या हव्यात. पहिली, गाडी वळते कशी. ताशी २०-२५ किमीच्या वर डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. चाक क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे कलते. सायकल डावीकडे वळवण्याआधी हँडल थोडं उजवीकडे जातं, हे विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी लोकांना विचारून आणि निरखून नोंदवलं होतं. बहुतेकांना आपण तसं करतो हे ठाऊकच नव्हतं. नकळत करणारा माणूस रोजच्या रस्त्यावर निभावून नेतो, पण समोर अचानक खड्डा आला की घाबरून उलटं ढकलतो. मुद्दाम करायला शिका: सरळ रस्त्यावर ४० च्या वेगात डावं हलकं ढकला, मग उजवं, आणि गाडी कशी ऐकते ते बघा.

दुसरी गोष्ट नजर. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर डोळे ठेवा. तो बिंदू तुमच्या वेगानेच पुढे सरकतोय तर वेग बरोबर आहे. तो तुमच्याकडे येतोय तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तो पळायला लागला तर वळण उघडलं, आता थ्रॉटल द्या. या एका खुणेने अनोळखी रस्ताही वाचता येतो. वेग वळणाच्या आधीच कमी झालेला हवा, आणि जितकं दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच हवा. तरी जास्त वेगात शिरलातच, तर ब्रेक झटक्यात दाबू नका, थ्रॉटल फट्कन बंद करू नका. जिथे जायचं तिकडे मान वळवा आणि आतलं हँडल आणखी ढकला. टायर आणि रस्ता चांगला असेल तर गाडी चालकाच्या कल्पनेपेक्षा जास्त कलू शकते. दरीकडे किंवा कठड्याकडे पाहिलंत तर तिकडेच जाल, हे मात्र नक्की.

आता गाडीकडे वळू, कारण वरचं सगळं टायर आणि चेनच्या भरवशावर आहे. टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. चालवून आल्यावर आकडा दोन-चार पीएसआय वाढलेला दिसतो आणि लोक फसून हवा काढून टाकतात. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही रबर कडक झालेला जुना टायर ओल्या रस्त्यावर दगा देतो. अगदी नवा टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपूनच चालवायचा.

चेनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण छोट्या गाड्यांवर तिचेच सगळ्यात जास्त हाल होतात. खालच्या बाजूला मधोमध चेन वर-खाली किती हलते ते मोजायचं. बऱ्याच छोट्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेलं असतं. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. मोजताना मागचं चाक हाताने फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ढिल्या जागी मोजून आवळलीत तर घट्ट जागा ताणली जाते. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. तुम्ही बसलात, खड्ड्यात स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर गेला, की दोन स्प्रॉकेटांमधलं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांमधलं, अंतर वाढतं. ढील नसेल तर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो. तिथून तेल गळायला लागलं की खर्च चेनच्या कितीतरी पट.

आवळताना एक्सल नट ढिला करा, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, दोन्ही खुणा जुळवा, नट आवळून ढील पुन्हा मोजा. आवळताना ती बदलतेच. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पेडलची मोकळी हालचाल कमी होते. रॉड ढिला करून ती पूर्ववत केली नाही तर ब्रेक हलका लागूनच राहतो आणि ड्रम तापतो. ही पायरी गॅरेजमध्येसुद्धा सर्रास विसरतात.

चेनला तेल दर ५०० किलोमीटरला, पावसात भिजल्यावर त्याच दिवशी. गाडी नुकतीच चालवून चेन कोमट असताना ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा. फिरताना ते आपोआप बाहेर फेकलं जातं. धुवायला केरोसीन आणि मऊ ब्रश. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कडी असलेली) चेन असेल तर तारेचा ब्रश अजिबात नको, रबर फाटून आतलं ग्रीस निघून जातं. आणि हे सगळं इंजिन बंद ठेवूनच. गिअर टाकून चाक फिरवत चेन पुसताना बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात आणि तुटतात. चेन बदलायची वेळ झाली का, हे पाहायला मागच्या स्प्रॉकेटवरून ती मागे ओढा. अर्ध्या दातापेक्षा जास्त उचलली तर संपली. दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदला, नाहीतर जुने दात नवी चेन लवकर खातात.

डिस्क ब्रेक असेल तर डॉट ४ चं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ती रिकामी जाते.

अंगावरच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स ब्रफ सुपिरिअर मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांमधले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि हेल्मेट जीव वाचवतं हे १९४१ मध्ये मांडलं. पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट, मग जॅकेट. पडताना माणूस आधी तळहात टेकतो. हेल्मेट गालांना घट्टच हवं. पट्टा लावून मागची कड वर-पुढे ओढा. डोक्यावरून निघालं तर ते तुमच्या मापाचं नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद. आतला थर्माकोल एकदाच दबतो.

तुम्हाला बोलणारी माणसं गटाने फिरतात असं दिसतं, तर गटातली पारख सांगतो. जाणता गट एकाआड एक तिरक्या रांगेत चालतो: शेजारच्या ओळीतला एक सेकंद पुढे, आपल्या ओळीतला दोन सेकंद. वळणं आली की सगळे एकेरी. प्रत्येक जण आरशात मागच्याला सांभाळतो आणि रस्ता बदलतो तिथे मागचा दिसेपर्यंत थांबतो. एवढं पाळलं तर कुणी हरवत नाही आणि कुणाला पळावं लागत नाही. सगळ्यात नवखा माणूस म्होरक्याच्या लगेच मागे असतो, शेपटाला नाही. शेपटाकडचा माणूस नेहमी पळतच असतो, कारण पुढच्यांच्या छोट्या-छोट्या थांब्यांची भरपाई त्याला करावी लागते. आणि ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः बघून करायचा. पुढचा गेला म्हणून मागोमाग गेलेले किती जण समोरच्या ट्रकखाली आले, हे कुणी मोजत नाही. ज्या गटात सावकाश येणाऱ्याची टिंगल होते, त्या गटात जाऊ नका. जॅकेटवरचा गटाचा पॅच, आवाज करणारा सायलेन्सर, सोशल मीडियावरचे फोटो यातलं काहीही ही उणीव भरून काढत नाही.

लांब पल्ल्याचंही तसंच. आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडरांच्या संघटनेच्या सॅडलसोअर आव्हानामध्ये २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर करावे लागतात, आणि त्यासाठी पेट्रोलच्या पावत्या पुरावा म्हणून जपाव्या लागतात. तिथे वेगाने फारसं काही साधत नाही, थांबे कमी आणि आखीव ठेवून साधतं. दीड-दोन तासांनी उतरणं, तहान लागायच्या आधी पाणी पिणं, जांभई आली की पुढचा थांबा न शोधता इथेच थांबणं, हे रोजच्या ४० किलोमीटरवरही शिकता येतं.

तुमची गाडी हलकी आहे, ही शिकायला सगळ्यात मोठी सोय. या आठवड्यात फक्त दोन कामं करा. एक सकाळ रिकाम्या मैदानात ३० च्या वेगाचे वीस थांबे. आणि त्याच्या आधी, मागे ड्रम असेल तर पेडल पूर्ण दाबून ड्रमवरच्या झिजेच्या खुणेवर काटा कुठे येतो ते पाहा. काटा खुणेच्या हद्दीपर्यंत पोचला किंवा तिच्याबाहेर गेला असेल तर ब्रेक शू संपलेत. ते बदला, मग मैदानात जा.