रात्रीचा निश्चय सकाळी का मोडतो?

प्रश्न: माझे वय 41 आहे. वीस वर्षांपासून सिगारेट ओढतो. रोज रात्री ‘उद्यापासून बंद’ असे ठरवतो आणि सकाळी उठल्याबरोबर पहिली पेटवतो. पत्नी म्हणते, तुम्हाला आमच्या भविष्याची पर्वा नाही. मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा पैसे बाजूला ठेवणारा माणूस बेपर्वा कसा? की माझ्यात धीरच नाही?

उत्तर: तुमच्या पत्नीची भीती खरी आहे, पण तिने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. रात्री तुम्ही ठरवता तेव्हा उद्याची सिगारेट आणि पुढचे आरोग्य ही दोन्ही दूर असतात, म्हणून निवड शहाणपणाची होते. सकाळी मात्र सिगारेट हाताशी आलेली असते, आरोग्य अजून तितकेच लांब असते, आणि रात्रभरात रक्तातील निकोटीन उतरलेले असल्यामुळे तलफही तीव्र असते. झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. इतक्या झटपट मिळणाऱ्या सुखापुढे नुसता निश्चय टिकत नाही.

धूम्रपान करणारे लोक उशिरा मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा लगेच मिळणारी लहान रक्कम अधिक वेळा निवडतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण सिगारेट सोडलेल्यांची निवड कधीच न ओढणाऱ्यांसारखी असल्याचेही दिसले आहे. तेव्हा अधीरता हा तुमचा कायमचा स्वभाव आहे, असे कृपया मानू नका.

सकाळच्या तुमच्यावर विसंबू नका. सकाळचे तुमचे हात रात्रीच बांधून ठेवा. घरात एकही पाकीट राहू देऊ नका. त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी तुमच्यासाठी योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पत्नीशी बोला. फिलिपिन्समधील एका प्रयोगात लोकांनी स्वतःचे पैसे बँकेत ठेवले आणि सहा महिन्यांनंतरच्या लघवीच्या तपासणीत निकोटीन आढळल्यास ते गमवायचे, अशी अट स्वीकारली. ज्यांना ही सोय देऊ केली होती, त्यांच्यात सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. पैसे बाजूला ठेवण्याची शिस्त तुमच्याकडे आहेच, म्हणून अशी एक रक्कम पत्नीच्या हाती सोपवून पाहा.

ब्रिटनमधील पुरुष डॉक्टरांचा 50 वर्षे पाठपुरावा करणाऱ्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य, ती चालू ठेवणाऱ्यांपेक्षा सुमारे 9 वर्षांनी अधिक ठरते. त्या वर्षांत मुलगी किती वयाची असेल, काय करत असेल, हे पत्नीबरोबर बसून तपशिलाने बोला आणि त्याच बैठकीत सोडण्याची तारीख ठरवा.