गोळी की इन्शुलिन? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

"आमच्या आण्णांना बारा वर्षं शुगर आहे. तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरी एचबीएवनसी ९.८ आलं. डॉक्टर इन्शुलिन सुरू करा म्हणतात. आण्णा तयार नाहीत. गल्लीत दोघांना इन्शुलिन लावलं, वर्षभरात एकाचा पाय काढला आणि दुसऱ्याचं डायलिसिस सुरू झालं, असं ते सांगतात." – एक वाचक, राजारामपुरी

आण्णांनी जे पाहिलं ते खरं असेल, पण त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे. पाय आणि किडनी एका वर्षात जात नाहीत. वर्षानुवर्षं रक्तात मुरलेल्या साखरेनं ते होतं. अशा माणसांना बहुतेक वेळा इन्शुलिन फार उशिरा मिळालेलं असतं आणि दोष मात्र सुईच्या माथी येतो.

९.८ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर २३५ च्या आसपास. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की टाइप २ मधुमेहाचं, म्हणजे सहसा मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या प्रकाराचं, निदान होतं तेव्हाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. पुढेही ती कमी होत जाते. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आवरतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावते. पण विहीरच आटली असेल तर मोटर कितीही वेळ चालवली तरी पाणी येत नाही. तेव्हा इन्शुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. यात आण्णांच्या पथ्याचा किंवा स्वभावाचा दोष नाही.

सुरुवात बहुधा दिवसातून एकाच, दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्शुलिननं होते. डोस साधारण १० युनिटचा असतो आणि सकाळची उपाशीपोटी साखर बघून डॉक्टर तो हळूहळू वाढवतात. मेटफॉर्मिन सहसा चालूच राहतं. "एकदा लागलं की सुटत नाही" हेही सरसकट खरं नाही. फार वाढलेली साखर खाली आल्यावर काहींचं इन्शुलिन कमी होतं, काहींचं बंदही होतं. आण्णांचं तसं होईल असं मी सांगत नाही, बारा वर्षं झालीत. वजन थोडं वाढू शकतं आणि साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. हे दोन्ही त्यांच्यापासून लपवू नका.

आणि एक करा. इन्शुलिन टोचायच्या पेनची ४ मिलिमीटरची सुई त्यांच्या हातात द्या. गहू लांबीला त्याहून मोठा असतो. निम्मी भीती तिथंच उतरते, असा माझा अनुभव आहे.

"मुलगी अकरा वर्षांची, टाइप १ आहे. दिवसातून चार इंजेक्शनं. नातेवाईक एका वैद्यांचा पत्ता देतात, म्हणतात पोरीला टोचणं बंद होईल. गोळी का चालत नाही?" – एक आई, गडहिंग्लज

ताई, इंजेक्शन एक दिवसही बंद करू नका. तिच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही. ते प्रथिन आहे, गोळी करून गिळलं तर पोटात पचून जातं. टाइप २ च्या गोळ्या तिची ही उणीव भरून काढू शकत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये मधुमेहासाठी पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं ते एका १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून थोडे दिवस जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं.

उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि भरभर श्वास यांतलं काही दिसलं तर घरी वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा. नातेवाइकांची माया खरी आहे, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही.

"आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. महापुरात कित्येक दिवस लाईट नसते. इन्शुलिन कसं टिकवायचं? आणि त्या धांदलीत मिळेल ती बाटली, मिळेल ती सिरिंज घेतली तर चालतं का?" – एक शेतकरी वाचक

२०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी काढला त्यांना हा प्रश्न किती खरा आहे ते ठाऊक आहे.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी. उघडलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे चालते, नक्की मुदत पाकिटावर बघा. लाईट गेली तर बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा. बर्फाला थेट लावू नका. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्शुलिन गढूळ झालं तर टाकून द्या. मिक्स्ड इन्शुलिन (लवकर आणि उशिरा काम करणारं एकत्र केलेलं) मात्र मुळातच दुधाळ असतं. ते तळहातांत हळुवार फिरवून एकसारखं करून घ्यायचं, त्यात गुठळ्या राहिल्या तर तेही टाका.

सिरिंजच्या बाबतीत मात्र "मिळेल ती" अजिबात चालत नाही. आपल्याकडे नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनची काडतुसं आणि काही बाटल्या १०० युनिटच्या असतात. ४० ची सिरिंज सहसा लाल टोपीची, १०० ची केशरी. डोस २० युनिट आहे असं धरा. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, म्हणजे १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर जातात ५०! एवढ्यानं माणूस झोपेत बेशुद्ध होऊ शकतो. टोपीच्या रंगावर विसंबू नका, बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा. पावसाळ्याआधी दोन-तीन सिरिंज, इन्शुलिनचं नाव, ताकद आणि डोस लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. छावणीतल्या डॉक्टरांना तोच कागद उपयोगी पडेल.

"नवरात्रात नऊ दिवस अंबाबाईचा उपवास करते. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी आहे. मिस्टर मिक्स्ड इन्शुलिन घेतात, तेही उपवास धरतात. चालेल का?" – एक वाचक, शिवाजी पेठ

घट बसायच्या आधी डॉक्टरांना भेटा. उपाशीपोटी ग्लिमेपिराइड किंवा मिक्स्ड इन्शुलिन घेतलं तर साखर उतरते. नुसत्या मेटफॉर्मिननं तसं क्वचितच होतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर बाहेर काढणारी गोळी असेल तर लांबच्या उपवासाआधी ती थांबवायची का, हेही विचारून घ्या. संध्याकाळी साबुदाणा खिचडी आणि बटाट्यानं साखर उसळते, ते वेगळंच. तुमच्या मिस्टरांनी नऊ दिवस कडक उपवास धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. देवीला एकवेळचं चालतं.

घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. उपवास मोडला तरी चालेल.

"साखरेऐवजी आपला कोल्हापुरी गूळ चालेल ना?" – एक गुऱ्हाळमालक, करवीर तालुका

नाही. गुळात बहुतांश तीच साखर असते, रक्तात तो तिच्यासारखाच चढतो. गोळ्या असोत की इन्शुलिन, हिशेब तोच. साखर उतरल्यावर घरात दुसरं काही नसेल तर मात्र गुळाचं पाणी जरूर द्या.