माळ्यावर सापडलेली जुनी टामिया बग्गी (रिमोटवर चालणारी छोटी गाडी) : मोटर फिरते, चाकं हलत नाहीत. ब्रशलेस मोटर टाकू का? पार्ट कुठे मिळतील?

ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली जास्त जोराची मोटर, टाकू नका. आधी गिअरबॉक्स उघडा.

मामांनी आखातातून आणलेली हॉर्नेट आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते एकदा तपासा, कारण हॉर्नेट आणि ग्रासहॉपर ही टामियाची दोन्ही मॉडेलं १९८४ ची आणि चेसिस (खालचा सांगाडा) जवळजवळ एकच. मोटरचा व्यास मोजा. साधारण ३६ मिमी भरला तर ५४० मोटर, म्हणजे हॉर्नेट. २८ च्या आसपास असेल तर ३८०, म्हणजे ग्रासहॉपर. वरची बॉडी दाबली की लवचिक पारदर्शक प्लास्टिकसारखी वाकते का, तेही बघा. हॉर्नेटची बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे, ग्रासहॉपरची कडक.

मोटर फिरते म्हणजे वीज तिथवर पोचतेय. जोर हरवतोय तो पुढे, आणि जुन्या गाडीत त्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं : कुणीतरी प्रेमाने भरलेलं ग्रीस. आपल्याकडे हे फारच. गावातल्या गॅरेजवाल्याशी माझा यावरून वाद कित्येक वर्षांचा आहे. त्याचं म्हणणं एकच, "ट्रॅक्टरले चालते तं याले काहून नाही?"

याले यासाठी नाही, की ट्रॅक्टरच्या सांध्याला निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असतो. ग्रीसगन मारली की नवं ग्रीस आत जातं आणि जुनं, मळकं ग्रीस कडेने बाहेर पडतं. बग्गीच्या गिअरबॉक्सला ना निपल ना बाहेर पडायला वाट. फटीतून आत गेलेली धूळ आतच राहते. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, त्यात मुरमाचे खरखरीत कण, वर ग्रीस : झाली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार. कण मऊ प्लास्टिकच्या दात्यांत रुतून बसतात आणि समोरच्या धातूच्या पिनियनला (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) खातात. लोकांना हे उलटं वाटतं, पण झिजतो तो धातूच. पिनियनचे दाते माथ्यावर सुरीसारखे निमुळते दिसले तर समजा तेच झालंय. असं पिनियन फेका. ते ठेवून नवा गिअर बसवलात तर नवा गिअरही जाईल.

दुसरं नुकसान दिसत नाही. घट्ट ग्रीसमुळे मोटर जास्त करंट ओढते आणि तो सगळा मेकॅनिकल स्पीड कंट्रोलरच्या (वेग कमी-जास्त करणारा जुना सरकता स्विच) तांब्याच्या पट्ट्यांवरून जातो. पट्ट्या काळ्या पडतात, सरकता काटा त्यावर ठिणग्या टाकतो, आणि मग "मोटरच कमजोर झाली" म्हणून मोठी मोटर बसवली जाते. तुमचा ब्रशलेसचा विचार इथूनच आलाय. हा गिअरबॉक्स त्या जोरासाठी केलेलाच नाही. आज हललेली गाडी उद्या डिफरन्शियलचे (दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) दाते गाळून बसेल.

उघडताना : टामियाचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मापाच्या, खाचेचे असतात. साधा चौफुलीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच गोल होते. जेआयएस ड्रायव्हर मागवा, तो खर्च टाळू नका. स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, 'टक्' असं जुन्या आट्यात पडल्याचं जाणवलं की मग आवळा. नाहीतर प्लास्टिकमध्ये नवा आटा पडतो आणि दोन खेपांत भोक सैल.

प्लास्टिकचे भाग कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर चेसिसला लावायचंच नाही. चेसिसचं एबीएस प्लास्टिक विरघळतं आणि बॉडीला लागलं तर तडकते. धातूचे भाग वेगळ्या वाटीत रॉकेल किंवा डिझेलमध्ये. चाकांच्या आसाजवळची ई-रिंग (आसाच्या खाचेत बसणारी छोटी पत्र्याची क्लिप) काढलीत की बहुतेक कापसाच्या सुताचा नाहीतर सोयाबीनच्या कुटाराचा घट्ट वळलेला गोळा निघेल. चिमट्याने ओढू नका, ब्लेडने आडवा कापा. सगळं पूर्ण वाळलं की प्रत्येक दात्याच्या जोडीला तुरीच्या दाण्याएवढं पांढरं लिथियम ग्रीस. बस.

जोडल्यावर गाडी उचलून एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफरन्शियल ठीक. कटकट आवाज आला तर आतल्या बेव्हल गिअरचा दाता गेलाय.

पार्टचं म्हणाल तर हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा काढल्या गेल्या, त्यामुळे गिअर, चाकं, टायर ऑनलाइन मिळतात आणि बहुतांश जुन्यात बसतात. बुशऐवजी (आसाभोवतीची साधी कडी) बेअरिंग टाकायचे तर आधी मोजा. ५×११×४ मिमी निघालं तर बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात 'एमआर११५-२आरएस' मागा. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड नको, आपल्या धुळीत रबरी सीलच पाहिजे. शॉकमध्ये (धक्के झेलणाऱ्या नळीत) सिलिकॉन ऑइलच. इंजिन ऑइल मे महिन्याच्या उन्हात पाण्यासारखं होतं आणि डिसेंबरच्या पहाटे घट्ट.

बॅटरी ७.२ व्होल्टची एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) घ्या. जुन्या मेकॅनिकल कंट्रोलरला लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लावू नका, त्यात व्होल्टेज उतरल्यावर तोडणारं काही नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की फुगतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी चार्जिंग नको, रात्री करा. जुनं पॅक गळून पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ते अल्कली आहे : हातमोजे घालून व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

नव्या रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर (गाडीतला सिग्नल पकडणारा डबा) लावणार असाल तर एक सापळा आहे. मेकॅनिकल कंट्रोलर रिसीव्हरसाठी ५ व्होल्ट काढून देत नाही. थेट ७.२ जोडलेत तर बरेच रिसीव्हर जळतात. ५ व्होल्टचा यूबीईसी (व्होल्टेज कमी करून देणारा छोटा सर्किट) मध्ये टाका, किंवा ब्रश्ड मोटरचा ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) घ्या. तेवढा बदल मला चालतो, जुना कंट्रोलर मात्र डब्यात जपून ठेवा.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं : गिअरबॉक्स उघडल्यावर सगळ्यात आधी पिनियनचा छोटा ग्रब स्क्रू (पिनियनला दांड्यावर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) बघा, १.५ मिमीच्या अ‍ॅलन कीचा. तो सैल असेल तर मोटरचा दांडा आतल्या आत गरगर फिरतो, चाकं ढिम्म. म्हणजे वरचं अर्धं रामायण तुम्हाला लागणारही नाही. आवळताना थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एकच थेंब, तोही पिनियन बाहेर असताना. एबीएसवर ओघळला तर तिथेच भेग जाते.