टीसी आधी काढू नका, ताई

निपाणीहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं, की मुलगा बेळगावात रूम घेऊन बी.कॉम. करतोय, राणी चन्नम्मा विद्यापीठ, दोन सेम (सेमिस्टर) झालेत, त्यात एक पेपर बॅक, म्हणजे नापास राहिलेला. मिस्टरांची बायपास झाली म्हणून आता तो घरी पाहिजे, तर कोल्हापूरला रोज जाऊन येऊन सेकंड इयर करेल म्हणतोय. एकजण सांगतो परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल, दुसरा सांगतो आता क्रेडिट (पास केलेल्या पेपरांचं मोजमाप) बँकेत असतात, कुठंही चालतात. त्यात अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला, परीक्षा दिली की क्रेडिट मिळतं, कॉलेजात बसायलाच नको. धाकटी पीयू सेकंडला, म्हणजे बारावीला, सायन्स घेऊन आहे, तिची पण काळजी.

ताई, पहिली गोष्ट, मिस्टरांना जपा, आणि मुलाला आज सांगा की टीसीचा, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा, अर्ज करू नकोस. बाकी सगळं नंतर. मी स्वतः हे भोगलंय. पहिलं वर्ष इकडं केलं, घरच्यांनी ठरवलं म्हणून टीसी काढली आणि तिकडच्या कॉलेजात गेले तर सेकंड इयरच्या जागा भरलेल्या, परत आले तर इकडची जागा पण गेली, एक अख्खं वर्ष मामांच्या किराणा दुकानात शेंगदाणे मोजत बसले. तेव्हा क्रेडिट वगैरे काही नव्हतं, पण टीसी कागद तोच होता आणि आजही तोच आहे. नवीन कॉलेज 'जागा देतो, अमुक वर्षाला घेतो' असं लिहून देत नाही तोवर जुन्या कॉलेजची जागा सोडायची नाही.

आता ते बँकेचं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2021 साली आणली, आहे ती खरी. पण बँक हे नाव जरा फसवं आहे बघा. आपल्या एटीएम कार्डावर कुठल्याही बँकेचं मशीन पैसे देतं ना, तसं इथं होत नाही. पोरानं कमावलेले क्रेडिट त्याच्या खात्यात दिसतात, जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात, पण ते धरायचे की नाही, धरले तर कुठल्या पेपरच्या बदली धरायचे, हे घेणारं विद्यापीठ ठरवतं, आणि ते सिलॅबस शेजारी ठेवून ठरवतं. शिवाय ज्या संस्थेकडून डिग्री घ्यायची तिथं निदान 50 टक्के क्रेडिट कमवावेच लागतात. तुमच्या मुलाचं एकच वर्ष झालंय, त्यामुळे ही अट त्याला आडवी येणार नाही. आडवा येतो तो सिलॅबस.

कारण काय झालंय, कर्नाटकानं 2024-25 पासून चार वर्षांची डिग्री गुंडाळून परत तीन वर्षांची केली आणि नेमकं त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या साध्या संलग्न कॉलेजांत एनईपी, म्हणजे नवं शिक्षण धोरण, लागू झालं. म्हणजे सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की बी.कॉम.ची मांडणीच बदलते. तिकडं महाराष्ट्रात सेमला 22, वर्षाला 44 क्रेडिट, त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा दुसरा विषय), आणि भारतीय ज्ञान प्रणाली नावाचा एक छोटा पेपर, जो आपल्या पोरानं कधी बघितलेला नसतो. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स बहुतेक जुळतं, हे बारके पेपर जुळत नाहीत. मग 'सेकंडला घेतो पण फर्स्टचे हे दोन पेपर लिही' असं सांगतात. पहिल्यापासून सुरू करण्यापेक्षा ते कधीही बरं, पण दुसऱ्या वर्षाचा अभ्यास, वर हे पेपर, वर रोजची बस, एवढं झेपेल का ते मुलालाच विचारा. आणि तो बॅक. आपल्याकडं बॅक, तिकडं केटी, नाव काही द्या, तो पेपर जुन्या विद्यापीठातच सोडवून मग निघायचं. नाहीतर मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायचा दाखला, अर्धवट मार्क्स कार्डावर मागत बसाल.

कोल्हापूरला विचारायला जाताना दोन्ही सेमचे मार्क्स कार्ड आणि इकडच्या सिलॅबसची कॉलेजच्या सही-शिक्क्याची प्रत न्या. नुसती फोनवरची पीडीएफ दाखवली की 'शिक्का आणा' म्हणून परत पाठवतात, फुकट फेरा होतो. टीसी आणि मायग्रेशन हे जागा पक्की झाल्यावर. जायच्या आधी मुलाला त्याचं डिजिलॉकर (कागदपत्रांचं सरकारी ॲप) उघडून बघायला सांगा, क्रेडिट चढलेत का. ते आपण चढवायचे नसतात, कॉलेज-विद्यापीठानं चढवायचे असतात, आणि नाव जुळत नसेल तर चढतच नाहीत. सीमाभागात हे दुखणं लई. माझ्याकडं एक ज्ञानेश्वर आला होता, आधारवर त्याचं स्पेलिंग मराठी पद्धतीनं डी-एन-वाय, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर कन्नड उच्चाराप्रमाणं जे-एन. माणूस तोच, पण कॉम्प्युटरला दोन. दोन महिने गेले ते निस्तरायला.

भाचा सांगतो ते खोटं नाही, पण ते तिकडचं आहे. अमेरिकेत शाळेतच कॉलेजच्या पातळीच्या एपी नावाच्या परीक्षा असतात, 1 ते 5 मध्ये गुण, आणि क्लेप म्हणून दुसरी एक असते, 20 ते 80 गुणांची, त्यात 50 म्हणजे पास धरायची शिफारस आहे. पण तिकडंसुद्धा कुठलं कॉलेज 3 ला क्रेडिट देतं, कुठलं 5 च मागतं, कुठलं अजिबात देत नाही. घेणाराच ठरवतो, तिथं पण. आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते स्वयं, सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. घरी बसून कोर्स बघायचा, नाव नोंदवणं फुकट, परीक्षेची फी वेगळी आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची. यूजीसीच्या नियमानं एका सेममधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स असे करता येतात. मात्र कोर्सला नाव घालायच्या आधी कॉलेजकडून लिहून घ्यायचं की हा धरणार. आधी सर्टिफिकेट मिळवून मग धरा म्हणणारी पोरं दर वर्षी येतात माझ्याकडं, छान लॅमिनेट केलेलं असतं, आणि उपयोग शून्य. बॅक राहिलेला पेपर स्वयंवरनं सुटेल असं तर धरूच नका.

आता खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला एक गोष्ट कळलीच नाही. मुलगा घरी पाहिजे हे कारण असेल तर निपाणीतच बी.कॉम. का नको? निपाणी बेळगाव जिल्ह्यातच, विद्यापीठ तेच, सिलॅबस तोच, मार्क्स कार्ड तेच, जागा आणि दोन्ही कॉलेजांची संमती मिळाली की झालं, ना मायग्रेशन, ना जुळवाजुळव. वडिलांना डॉक्टरकडं न्यायचं झालं तर पोरगं दहा मिनिटांत घरी, कागलजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेलं नाही. कोल्हापूरचं नाव मोठं आहे, मान्य, आपल्याकडं सगळ्यांनाच कोल्हापूरची ओढ असते, मला पण होती. पण ते एम.कॉम.ला जाऊ दे की. डिग्री हातात घेऊन गेला तर पेपरला पेपर जुळवायचा प्रश्नच येत नाही, मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी (पात्रतेचा दाखला) एवढंच. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. तरी कोल्हापूरच म्हणत असेल तर एकदा त्याला स्वतःला जाऊन विचारून येऊ दे, तुम्ही नका धावू.

धाकटीचं सोपं आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला राज्याच्या कोट्यातून जायचं मनात असेल तर तिकडची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यायला हवी, आपली कर्नाटकाची केसीईटी तिथं चालत नाही. पण तिकडच्या कॅपमध्ये, म्हणजे सामायिक प्रवेश प्रक्रियेत, सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी टाइप ई म्हणून वेगळी वर्गवारी आहे. त्याला सीमाभागातले असल्याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक, असे दोन दाखले लागतात, त्यांच्या ठरलेल्या नमुन्यातच. रिझल्टनंतर सगळेच त्या दाखल्यांच्या मागं लागतात, म्हणून नमुने आत्ताच डाउनलोड करून ठेवा आणि तिचं नाव आधारवर आणि एसएसएलसीवर एकच आहे का, ते आज रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.