आधी बी घरचं

पोरी,

पत्र दोनदा वाचलं. शेतकऱ्यांचा गट झाला, अध्यक्ष तू झालीस, आणि आता योजनेतल्या बियाण्याच्या पिशव्या कधी येतील याची सगळे वाट बघताय. वर विचारतेस, सेंद्रिय शेती कुठून सुरू करू? बियाण्यापासून. शेण-गोमूत्राच्या जीवामृताचं पिंप नंतर भर.

संकरित भाताचा दाणा पुढच्या वर्षी पेरलास की एक रोप उंच, एक खुजं, कुणी आधी पिकतं, कुणी मागे राहतं. मग दर मृगाला दुकानाची पायरी आलीच. अकोले तालुक्यात काळभात, जिरवेल हे गावठी भात टिकले ते घरोघरच्या कणग्यांत. तिथल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती गावठी बी जपलं म्हणून. तुझ्या आजीकडे काय शिल्लक आहे, विचारलंस का?

बी खळ्यावर नाही, उभ्या पिकात निवडायचं. बांधालगतच्या ओळी सोड, शेजारच्या वाणाची भेसळ तिथेच होते. मधली, न लोळलेली, निरोगी रोपं बघून दोरा बांध. त्या लोंब्या वेगळ्या काप, वेगळ्या झोड. दाताखाली दाणा कट्ट वाजेपर्यंत वाळव. दमट बी कणगीत गेलं की बुरशी धरतं. वालाला राख चोळ, नाहीतर भुंगा पोखरतो.

पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळव, भात ओतून ढवळ, तरंगेल ते काढून टाक. बुडालेलं दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत सुकव. धुण्यात घाई नको, मीठ राहिलं तर उगवण मार खाते. मग 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवड्याने मोज. 80 पेक्षा कमी उगवले तर ते बी कुणालाही देऊ नकोस, सख्ख्या मामालाही नाही. अध्यक्षपण म्हणतात ते हेच.

गटातल्या कुणी किती बी नेलं, किती परत करणार, हे सगळ्यांसमोर वहीत लिही. आणि तिसरा हिस्सा कोठीतच ठेव. पावसाने ओढ दिली, रोपवाटिका करपली, तर दुबार पेरणीला उधारीवर बी आणणार का? लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. घरचं बी नसलेल्या गटाला स्वावलंबी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रमाणपत्राचं विचारलंस. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी द्यायची पद्धत. तिला निदान 5 शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांच्या वावरात जाऊन पाहणी करावी लागते. ते होईल. लोंब्या आता पिवळ्या पडायला लागल्या असतील. उद्या सकाळी दोरा घेऊन वावरात जा.