भाच्याच्या कंपनीत ठेवीचे चार लाख घालावेत का?

वेंगुर्ल्याजवळ काजूचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. सहा लाखांची ठेव मार्चमध्ये पिकते आहे. त्यातले चार लाख पुण्यातल्या भाच्याच्या कंपनीत घालू का? कंपनी त्वचेवर चिकटवायचा पॅच बनवते आहे. त्याने ओलावा आणि तापमान ओळखायचं आणि त्वचा बिघडली की आपणहून औषध सोडायचं.

ताई, कल्पना भंपक नाही. जखमेचं तापमान ओळखून सौम्य वीजप्रवाह देणारी पट्टी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवली. जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. पण त्या उंदरांच्या. साखर मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लोक आज दंडावर लावतात, तो नुसता मोजतो. औषध सोडणाऱ्या पॅचला माणसांवरच्या चाचण्या आणि सरकारी परवाना लागणार. तोवर विक्री शून्य, खर्च चालूच.

आता तुमचं बघू. मार्च ते मे तुम्ही वर्षभराची कच्ची काजू बी भरता. ठेव पिकते नेमकी तेव्हाच, म्हणजे ही तुमची शिल्लक नव्हे, धंद्याचं भांडवल आहे. ते गुंतलं की बी घ्यायला कर्ज काढाल, नाहीतर भाव चढल्यावर थोडी थोडी घ्याल. खाजगी कंपनीचे शेअर हवे तेव्हा विकता येत नाहीत. पावसाळ्यात पैसे लागले तर भाचा तरी कुठून देणार?

माझं मत स्पष्ट आहे: चार लाख घालू नका. मायेपोटी द्यायचेच असतील तर हंगाम आटोपल्यावर, बुडाले तरी चालतील असे पन्नास हजार द्या. तेही बँकेतूनच, रोख नाही. कंपनीचं शेअर देऊ करणारं रीतसर ऑफर लेटर घ्या. पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर मिळायला हवेत. नाही मिळाले तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. आणि भाच्याला विचारा, आपल्या मे महिन्याच्या घामात पॅच किती दिवस चिकटून राहतो? कडा सुटली की मोजणी बिघडते.

काजूच्या टरफलातल्या तेलाने कारखान्यातल्या बायकांच्या बोटांची सालं निघतात, पॅच आधी त्यांनाच देऊ, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी पॅचची वाट कशाला? चांगले हातमोजे, हाताला लावायला खोबरेल आणि काजू फोडायच्या टेबलाशी साबण-पाणी, एवढं यंदाच्या हंगामाच्या खर्चात आधी धरा.