फुकटचे पैसे अंगी लागतात का?

'दर महिन्याला खात्यात योजनेचे पैसे आपोआप येतात. सवय लागली तर? लोक काय म्हणतील?' ही काळजी मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की समोरचा पासबुकाशी चाळा करू लागला की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं.

रात्रपाळी करणारे एक सुरक्षारक्षक झोप येत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार महिन्यांचे पैसे त्यांनी खात्यात तसेच ठेवले होते.

"काढत का नाही?"

"कष्टाचे नाहीत ते, मॅडम."

"आणि मुकादमाकडून उचल घेता, ती?"

"ती अंगमेहनतीनं फेडतो ना!"

व्याजाची उचल इभ्रतीची आणि हक्काची मदत मात्र लाजेची. माणसाला घटना तितकी छळत नाही, जितका तिला त्यानं लावलेला अर्थ छळतो, असं मी मानते. म्हणून विचारलं, "हेच पैसे धाकट्या भावाला आले असते, तर त्याला ऐतखाऊ म्हणाला असता?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "त्याला म्हणालो असतो, आधी उचल फेड."

त्यांनी फेडली. मी खर्चाची वही ठेवायला सांगितलं होतं. त्यात उचल होती, चष्मा होता. एकदा मात्र ते कोरं पान घेऊन आले. मी जरा नाराजीनंच कारण विचारलं.

"लिहिण्यासारखं काही नाही. मुकादम डबल ड्युटी लावत होता. नाही म्हणालो. घरी जाऊन झोपलो."

मी पेन खाली ठेवलं. इतके आठवडे मी पैसे कशावर गेले ते विचारत होते. काय करावं लागलं नाही, हे विचारायला हवं होतं! आता हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते, आणि खरं सांगायचं तर मला तो माझ्या उत्तम प्रश्नांपैकी एक वाटतो.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीआधीच्या ओढगस्तीत ज्यांना बुद्धीच्या चाचण्या जड गेल्या, त्याच शेतकऱ्यांना उसाचे पैसे हाती आल्यावर त्या सोप्या गेल्या. चणचण डोकं अडवून बसते. आणि 'दारूत उडवतील' म्हणणाऱ्यांसाठी: डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी १९ अभ्यास एकत्र तपासले (२०१७), तेव्हा अशा पैशांमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. उलट काही ठिकाणी घटलेला दिसला.

तुम्हालाही असे पैसे येत असतील तर सर्वांत महाग कर्ज आधी फेडा. रक्कम जमा होण्यापूर्वीच ती कशाला लावायची ते ठरवा, नाहीतर दुसरंच कुणी ठरवतं. योजना उद्या बंदही होऊ शकते, म्हणून तिच्या भरवशावर नवा हप्ता अंगावर घेऊ नका. खातं स्वतःच चालवा, पिन कुणाला देऊ नका. घरच्यांना एवढंच सांगेन, पै-पैचा हिशोब मागू नका. लाज तिथूनच सुरू होते. मीही वही मागितलीच होती की!

ते सुरक्षारक्षक आता महिन्यातून एकदा येतात. झोप बरी आहे. पैसे येतात हे भावाला अजून सांगितलेलं नाही. "सांगेन," म्हणतात. मीही घाई करत नाही.